जवारीचा हक्क

राग आला की माझा आवाज चढतो, आणि जानेवारीपासून तो खाली आलेलाच नाही. शेजारच्या बाई परवा भिंतीवरून विचारत होत्या, काकू, घरात काही बिनसलंय का. म्हटलं, घरात नाही हो, पुण्यात बिनसलंय. तिथल्या एका कंपनीत सात जणांनी मिळून आठव्याला खुर्चीवरून उठवलं, आणि ती खुर्ची येऊन पडली आमच्या ह्यांच्या गळ्यावर.

नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई नुसतीच तडतडतेय.

मी राजमती मगदूम, राहणार मिरज. आमचे हे म्हणजे भूपाल मगदूम. नवऱ्याचं नाव मी सरळ घेते, सासूबाई होत्या तेव्हाही घेत होते. भूपाल एकतीस वर्षं एसटीत होते, त्यातली अठरा मिरज स्टँडवर कंट्रोलर. काचेच्या खोलीत बसायचं आणि माईकवरून गाड्या पुकारायच्या. त्यांची एक तऱ्हा होती. ‘अथणी’तली ‘णी’ लांबवायचे, ‘जत’ म्हणताना दार आपटल्यासारखं म्हणायचे, आणि गाडीला उशीर असला की आधी घसा खाकरायचे. नुसतं खाकरणं ऐकून माणसं परत बाकड्यावर बसायची. पुढं स्टँडवर यंत्राचा आवाज आला, घासूनपुसून गुळगुळीत केलेला, आणि भूपालना रजिस्टर लिहायला मागच्या टेबलावर बसवलं. तो आवाज ‘जत’ला ‘जथ’ म्हणतो. हे रोज घरी येऊन मला त्याची नक्कल करून दाखवायचे.

निवृत्तीला वर्ष राहिलं होतं तेव्हा घशाचा कॅन्सर निघाला. तंबाखूची चंची मी तीनदा बंबात घातली होती, चौथी त्यांनी स्टँडवरच ठेवली होती. जाऊ दे तो विषय. स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला श्वासासाठी भोक, त्यावर पांढरं फडकं, आणि घरात चिडीचूप. मला भांडायला माणूस उरलं नाही, हे मी हसत सांगतेय, पण त्या सात महिन्यांत मी वेडी व्हायची बाकी होते.

मग कंठी आली.

कंठीचं शास्त्र मला आता तोंडपाठ आहे. स्वरयंत्र काढलं तरी मेंदूला ते कुणी कळवत नाही. ‘पाणी’ म्हणायचं मनात आलं की तो जिभेला, जबड्याला, हनुवटीखालच्या स्नायूंना पूर्वीसारखाच हुकूम सोडतो. स्नायू हलतात, आणि हलताना त्यांच्यात अगदी क्षीण वीज उठते, व्होल्टच्या हजाराव्या भागाएवढी. कंठी म्हणजे गळ्यात घालायची दोन बोटं रुंद पट्टी. तिच्या आतल्या बाजूला बत्तीस टिकल्या असतात, त्या ही वीज टिपतात. पट्टीतली चिप त्यावरून शब्द ओळखते आणि बारक्या स्पीकरमधून बोलते. ओठ हलले की शब्द हजर.

पण कुणाच्या आवाजात, हा खरा प्रश्न. पुण्याच्या कंपनीचं नाव घोषवती. ती माणसाचा जुना आवाज गोळा करायची. ऑपरेशनच्या आधी करून घेतलेलं ध्वनिमुद्रण, लग्नाचे व्हिडिओ, मोबाइलवर पाठवलेले निरोप, मिळेल ते. त्यातून यंत्र एक आवाज बनवायचं. तो आवाज यायचा त्या माणसाचाच, पण मेलेला. कारण यंत्र सरासरी काढतं, आणि माणूस काही सरासरी बोलत नाही. एखादं अक्षर तो गिळतो, एखाद्यावर रेंगाळतो, खोटं बोलताना आधी ‘हां’ म्हणतो.

घोषवती काढली ती डॉ. यशोधन कुंट्यांनी. या गृहस्थांना सतारीचा नाद. सतार दुरुस्तीला ते मिरजेला आमच्या गल्लीत दस्तगीरचाचांकडं यायचे. चाचा म्हणजे जवारी काढण्यातला शेवटचा शब्द. सतारीची तार हाडाच्या घोडीवर टेकते ना, त्या घोडीचा माथा कानशीनं अलगद घासतात. इतका अलगद, की तार थरथरताना त्याला निसटता स्पर्श करत राहील. त्या निसटत्या स्पर्शानं आवाजाला जीव येतो. त्याला म्हणायचं जवारी. जास्त घासलं तर तार चिरकते, कमी घासलं तर मुकी राहते, आणि किती घासायचं ते कुठं लिहिलेलं नाही, ते कानाला कळतं. कुंटे एकदा चाचांपुढं आपलं रडगाणं घेऊन बसले, की आमचे आवाज मेलेले का वाटतात. चाचा म्हणाले, तुम्ही तार लावलीय, जवारी कुठं काढलीय?

तिथून मिरजेत आमची जवारीची खोली सुरू झाली. पहिला गळा भूपालांचा. मी शेजारी बसून ऐकायचे आणि म्हणायचे, असं नाही म्हणत हे, ‘अगं’ म्हणताना ‘अ’ खातात. कुंट्यांच्या पोरांनी त्यासाठी एक प्रोग्रॅम बनवला, आवाज केसाकेसानं कमीजास्त करायचा. आम्ही त्याला कानसच म्हणायला लागलो, पुढं त्यांनीही तेच नाव ठेवलं. तीन वर्षांत आम्ही अकरा बायका झालो. चाचांची नात निलोफर संगणकाचं बघायची. बोलणारा माणूस आणि त्याचं घरचं एक माणूस समोर बसवायचं, आठ दिवस ऐकायचं, घासायचं, परत ऐकायचं. निलोफरनं तर लोकांचं हसणंसुद्धा घासून दिलं. जगातल्या दुसऱ्या कुठल्या यंत्राला ते जमत नव्हतं. चारशे बारा माणसं आमच्या खोलीतून आपला आवाज घेऊन गेली.

घोषवतीशी भागीदारीचा करार झाला तेव्हा चाचांनी अट घातली की मला वाचता येईल असा लिहा. कुंट्यांनी तो मराठीत, स्वतःच्या अक्षरात लिहिला, इंग्रजी प्रत मागाहून पुण्यात झाली. कलम चौदा चाचांनी सांगितलं तसं उतरवलं: ‘जवारी, जवारीच्या नोंदी आणि कानस यांवरील हक्क कायम मिरज केंद्राकडे राहील.’ मला त्या कलमाचं काही वाटलं नव्हतं. नोंदी प्रत्यक्षात पुण्याच्या संगणकावरच असायच्या, प्रत्येक कंठी दर तासाला तिथून आपला आवाज घ्यायची. मी एकदा विचारलं होतं, डॉक्टर, तुमचा संगणक बंद पडला तर? म्हणाले, वहिनी, माझा शब्द आहे. त्या शब्दावर आम्ही निवांत झोपलो.

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी संचालकांची सभा चाळीस मिनिटं चालली, आणि कुंट्यांना त्यांच्याच कंपनीतून काढलं. त्यांना ते कळलं लिफ्टचं कार्ड चालेना तेव्हा. पुढच्या नऊ दिवसांत घोषवतीला तीन अध्यक्ष झाले. एक आला आणि चार दिवसांत गेला, दुसरा दोनच दिवसांत. मग कुंटे परत येणार म्हणून निम्म्या इंजिनिअरांनी पत्र लिहिलं, मग ते येणार नाहीत असं ठरलं, मग कौस्तुभ राजाध्यक्ष नावाचे नवे साहेब बसले. तिघांनीही आम्हाला निरोप पाठवला की आपली भागीदारी अबाधित आहे. तीन वेगळी माणसं आणि एकच मजकूर, स्वल्पविरामसुद्धा बदलला नव्हता. मी फोन करायचे तर दर वेळी नवाच कुणीतरी उचलायचा आणि विचारायचा, मॅडम, तुमचं नेमकं काम काय आहे? चौथ्याला म्हटलं, आम्ही मेलेल्यांना जिवंत करतो, वरच्याला सांग.

वरच्याला पत्ताच नव्हता. भांडणाचं मूळ नंतर कळलं. परदेशातल्या एका मोठ्या फोन कंपनीला घोषवतीची चिप हवी होती. आजाऱ्यांसाठी नाही, धडधाकट माणसांसाठी. ऑफिसात बसून आवाज न करता फोनवर बोलता यावं म्हणून. त्यांना सहा गुळगुळीत आवाज पुरत होते. उलट खऱ्या माणसांचे आवाज साठवून ठेवणं त्यांना नको होतं. ते चोरीला गेले, कुणी त्यांतून फसवलं, तर जबाबदारी कुणावर? तेव्हा त्यांची अट अशी की एकेका माणसाचे आवाज बंद करा, मगच आपण भागीदार. कुंटे नाही म्हणाले म्हणून गेले. इथवर मला माणसाचा अभिमानच वाटत होता.

फेब्रुवारीत पत्र आलं. एक एप्रिलपासून सर्व कंठीधारकांना प्रमाण आवाज मिळेल, सहा पर्यायांपैकी कोणताही. वैयक्तिक आवाजांची सेवा आणि मिरज केंद्राशी असलेली भागीदारी संपुष्टात. सवय व्हावी म्हणून येत्या रविवारी सकाळी अकरापासून संध्याकाळपर्यंत सराव.

रविवारी अकराच्या सुमाराला मी भाकरी थापत होते. मागून आवाज आला, ‘राजमती, पद्मजाला फोन लाव.’ माझा हात परातीतच राहिला. तो स्टँडवरचा आवाज होता. तोच, जथवाला. प्रमाण आवाज क्रमांक दोन. ज्या आवाजानं माझ्या नवऱ्याला काचेच्या खोलीतून उठवलं, तोच आता त्यांच्या गळ्यात घालून दिला होता. भूपालांनीही तो ऐकला होता. ते दारात उभे होते आणि त्यांचा चेहरा मला बघवेना.

तरी त्यांनी फोन लावला. पद्मजा आमची मुलगी, इचलकरंजीला असते, रविवारी अकराला बापलेकींचं बोलणं ठरलेलं. तिनं पडद्यावर ‘आण्णा’ बघून उचलला आणि ऐकलं, ‘पद्मजा, जेवलीस का?’ ती म्हणाली, कोण बोलतंय? माझ्या वडलांचा फोन तुमच्याकडं कसा? भूपाल सांगत होते, अगं मी, मी आण्णा. जितकं सांगत होते तितका तो आवाज गोड आणि परका होत होता. तिनं फोन आपटला आणि लगेच मला लावला, आई, आण्णा कुठं आहेत, त्यांचा फोन कुणीतरी चोरलाय, फसवणारी माणसं आहेत, आधी पोलिसांत जा. ते माझ्या शेजारी उभे होते, हातभर अंतरावर. मी म्हटलं, पद्मा, ते आण्णाच होते. मग पलीकडून रडणं ऐकू आलं.

भूपालांनी कंठी काढून टेबलावर ठेवली. जुनी वही ओढली आणि कंट्रोलरच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘या आवाजात मी बोलणार नाही. मुका बरा.’ संध्याकाळी सराव संपला, त्यांचा आवाज परत आला, तरी नऊ दिवस त्यांनी कंठीला हात लावला नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. मी कुंट्यांना फोन लावला. पाचव्यांदा उचलला. मला वाटलं होतं माणूस खचला असेल. तसं काही नव्हतं. म्हणाले, वहिनी, मी कागदावर सही केलीय, मला याविषयी बोलता येत नाही. पण मी नवी कंपनी काढतोय, दोन-तीन वर्षांत तुम्हाला नक्की बोलावून घेईन.

‘डॉक्टर,’ मी म्हटलं, ‘तुमची खुर्ची गेली, तुम्ही दुसरी कराल. यांना दुसरा गळा कोण करून देणार?’

मग म्हणाले, मी खूप लढलो हो. लढले असतील. पण लढाईआधी आम्हाला एक फोन करून सांगितलं असतं, की वहिनी, नोंदींची एक प्रत मिरजेत उतरवून घ्या, तर काय बिघडलं असतं? तुम्ही तुमच्या तत्त्वासाठी बाहेर पडलात, फार छान, आणि चारशे बारा गळे आत विसरून गेलात. हे सगळं मी बोलले आणि फोन ठेवला. सतारीवरचं कुंट्यांचं प्रेम बघून मी हुरळले होते, तो राग तर वेगळाच.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला पुण्याला बोलावलं, भागीदारी सन्मानपूर्वक संपवण्यासाठी. शब्द त्यांचाच. मी आणि निलोफर गेलो. माझ्या पिशवीत दोन भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि कराराची मूळ मराठी प्रत.

राजाध्यक्ष चाळिशीचे, अतिशय मृदू. त्यांचा राग येऊ नये अशी त्यांनी स्वतःची पुरेपूर व्यवस्था केली होती. शेजारी त्यांचे वकील, तेंडोलकर नावाचे. भिंतीवरच्या पडद्यावर आमचा करार होता, म्हणजे करार नव्हे, यंत्रानं काढलेला गोषवारा. मराठीवरून इंग्रजी, इंग्रजीवरून परत मराठी, असा दोनदा धुऊन निघालेला. प्रत्येक कलमावर तांबडी रेघ. मी विनवण्या करायच्या ठरवून गेले होते, पाय धरायचीही तयारी होती. तेंडोलकर वाचत गेले, रद्द, रद्द, रद्द. मग थांबले.

‘कलम चौदा. ज्वारी, ज्वारीच्या नोंदी आणि फाइल मिरज केंद्राकडे राहतील.’

राजाध्यक्षांनी विचारलं, ही ज्वारीची काय भानगड आहे? तेंडोलकर म्हणाले, आधीच्या अध्यक्षांचा भरडधान्याचा काही सामाजिक उपक्रम असावा. राजाध्यक्ष हसले. म्हणाले, हे राहू द्या, अहवालात शोभून दिसेल.

मला आधी कळलंच नाही. मग एकदम कळलं. यंत्रानं जवारीची ज्वारी केली होती. आणि कानशीला इंग्रजीत फाइलच म्हणतात, तेव्हा आमची कानस कपाटातली फाइल होऊन परत आली होती. निलोफरनं तोंड उघडलं. मी टेबलाखाली तिच्या पायावर पाय दिला, चांगला जोरात.

आता तुम्ही म्हणाल ही लबाडी झाली. झाली की. बोलायचा क्षण होता आणि मी मूग गिळून बसले. पण एवढं सांगते, मी चोरून काही केलं नाही. पिशवीतून मूळ प्रत काढली, टेबलावर उघडी ठेवली आणि म्हटलं, साहेब, आमची चाचामंडळी जुनी आहेत, त्यांना मराठी लागतं. याच कागदावर लिहून द्या की कलम चौदा कायम, बाकी रद्द, आणि सही करा. कुंट्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे. ‘जवारी’ हा शब्द राजाध्यक्षांच्या अंगठ्यापासून चार बोटांवर होता. राजाध्यक्षांनी वाचला असता तर मी हरले असते. त्यांनी वाचला नाही. सही मात्र झोकात केली, तेंडोलकरांनी शिक्का मारला, आणि आम्हाला चहा दिला.

गाडीत निलोफर हसून हसून बेजार झाली. मला हसू येईना. मला राग येत होता. ज्या माणसांना आपण काय बंद करतोय तेही ठाऊक नव्हतं, त्यांच्या एका बोटानं माझ्या नवऱ्याचा आवाज जाणार होता. दुष्टपणा असता तर एक वेळ समजून घेतला असता.

दुसऱ्या दिवशी आम्ही लेखी मागणी पाठवली: कलम चौदानुसार जवारीच्या नोंदी आणि कानस मिरजेकडे द्याव्यात. खालच्या इंजिनिअर पोरांना जवारी म्हणजे काय ते पक्कं माहीत होतं, तीन वर्षं आमच्याबरोबर काम केलं होतं त्यांनी. त्यांनी कलम बघितलं, ताजी सही बघितली, आणि तासाभरात चारशे बारा आवाज धाडून दिले. वर कुणाला विचारलं नाही. नऊ दिवसांत तीन अध्यक्ष बघितलेली पोरं ती, विचारणार कुणाला? पाठोपाठ कंपनीकडून टेम्पोनं दोन पोती ज्वारी आली, वर छापील चिठ्ठी, ‘आपल्या भागीदारीची आठवण’. मी ती दळून आणली. भाकरी चांगली झाली, खोटं कशाला बोलू.

काम सोपं नव्हतं. एक एप्रिलच्या आत प्रत्येक कंठी मिरजेत आणून तिच्या आतच तिचा आवाज बसवायचा होता, म्हणजे तिला पुण्याकडं तोंड करायची गरज उरणार नाही. एकेकाला दीड-दोन तास लागायचे, कारण छोट्या चिपमध्ये बसवताना आवाज थोडा दबायचा आणि जवारी पुन्हा काढावी लागायची. पहिली कंठी भूपालांची केली. मग जत, कवठेमहांकाळ, विटा, चिकोडी, लोक येऊ लागले. व्हरांड्यात बाकडी टाकली. गर्दी आवरायला भूपाल वही घेऊन दारात बसले, आणि दुसऱ्या दिवशी मी आतून ऐकलं: आधी खाकरणं, मग, ‘क्रमांक सत्तावीस, विट्याचे शेटे, टेबल तीनवर यावं.’ णी लांबवावी तशी ‘ती’ लांबवली होती. मी कानस थांबवली आणि दारातून डोकावून बघितलं.

अठ्ठावीस मार्चला तेंडोलकर स्वतः आले. एकटेच, गाडीनं, दुपारी बाराच्या उन्हात. जवारी म्हणजे काय ते त्यांना एव्हाना कळलं होतं. दोनशे एक्क्याऐंशी कंठ्या झाल्या होत्या, एकशे एकतीस राहिल्या होत्या. ते आमच्या खोलीत खुर्चीवर बसले, भूपाल दारातच होते, व्हरांड्यात चाळीसएक माणसं. आवाज न चढवता म्हणाले, कलमातला शब्द धान्याचा आहे, हे आम्ही कोर्टात सिद्ध करू.

‘आमच्याकडं धान्याला शाळू म्हणतात,’ मी म्हटलं. ‘नाहीतर जोंधळा. ज्वारी म्हणणारा माणूस पुण्याचा. आणि कोर्टात जावाच. करार न वाचता सही केली, वर दोन पोती पाठवली, हे तुम्ही न्यायाधीशांना सांगा, मी भाकरी घेऊन येते.’

मग त्यांनी खरा पत्ता टाकला. म्हणाले, ताई, या कंठ्यांच्या टिकल्या अजून चार वर्षं टिकतील. नंतर नव्या लागतात, त्या फक्त आम्ही बनवतो, आणि मिरजेच्या आवाजाच्या कंठीला आम्ही त्या देणार नाही. हे मला माहीत होतं. रोज माहीत होतं. पुढं म्हणाले, पण तुमच्या मिस्टरांचा अपवाद करता येईल. त्यांचा आवाज, नव्या कंठ्या, आजन्म, लेखी देतो. तुम्ही कलम चौदा सोडा आणि उरलेल्या एकशे एकतीस आम्हाला द्या.

खोटं सांगत नाही, माझ्या तोंडात ‘हो’ आला होता. अगदी दातांपर्यंत. मला तो रविवार दिसला, पद्मजाचं रडणं ऐकू आलं, वहीतलं ‘मुका बरा’ दिसलं. चार वर्षांनी हे पासष्टीला आलेले असतील आणि घरात परत चिडीचूप. व्हरांड्यातल्या माणसांशी माझं नातं काय? मी खाली बघितलं. तेंडोलकरांनी कागद माझ्याकडं सरकवला, टोपण काढून पेनही ठेवलं.

दारातून खाकरण्याचा आवाज आला.

स्वरयंत्र नसलेल्या माणसाला खाकरायची काही गरज नसते. ते मी घासून दिलं होतं, पहिल्याच आठवड्यात, हट्टानं. बाहेरचं बोलणं थांबलं. भूपाल उभे राहिले, वही बगलेत धरली, आणि अठरा वर्षं जसं म्हणत होते तसंच म्हणाले:

‘प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. मिरजहून पुण्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवर उभी आहे. ज्यांना जायचं आहे त्यांनी ताबडतोब बसून घ्यावं. गाडीत जागा एकच आहे.’

व्हरांडा हसला. कंपनीच्या सहा आवाजांना हसता येत नाही. हे चाळीस जण हसले, आणि त्यातलं एक हसणं दुसऱ्यासारखं नव्हतं. तेंडोलकर उठले. त्यांनी कागद घेतला, पेन विसरले.

मी म्हटलं, ‘अहो, चार वर्षं आहेत फक्त.’

‘मला गणित येतं,’ भूपाल म्हणाले. मग वहीत बोट फिरवलं आणि बाहेर तोंड केलं. ‘क्रमांक दोनशे ब्याऐंशी. जतच्या आक्का, टेबल दोन.’

जत त्यांनी दार आपटल्यासारखं म्हटलं. आक्का सुनेचा हात धरून आत आल्या, मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली आणि सुनेला विचारलं, सासूबाई रागावल्या की कशा बोलतात, ते आधी सांग.